पायावरचं माप

आमच्या शेडमध्ये काय बनतं असं कुणी विचारलं, की मी सरळ सांगते, "गुडघ्याच्या वाट्या." त्यावरून फार घोटाळे झाले आहेत. नगरला सावेडीत आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी तर एकदा त्यांच्या सासूबाईंना रिक्षात घालून माझ्याकडे आणलं. आजी हाश्शहुश्श करत सोफ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "डाव्या गुडघ्याची वाटी पार झिजलीय. तुमच्याकडची कितपत टिकते?" मी आतून एक वाटी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. चांगली तळहाताहून मोठी, लोखंडी, चकचकीत, एका बाजूला पंख्यासारखा पत्रा बाहेर काढलेली. आजी तिच्याकडे बघतच राहिल्या.

"ही आत बसवायची?"

"नाही हो आजी. वरून बांधायची."

"मग दुखायचं थांबतं?"

"तलवारीचा घाव बसला तर दुखत नाही," मी म्हणाले.

सुनेने त्यांना चहा न घेताच उठवलं. तेव्हापासून त्या बाई रस्त्यात दिसल्या की फोनमध्ये डोकं घालून पुढे जातात.

खरं म्हणजे मी खोटं बोलले नव्हते. युरोपात कोणे एके काळी सरदार आणि शिपाई डोक्यापासून पायापर्यंत लोखंड घालून लढायचे. आता तिकडची माणसं सुट्टीच्या दिवशी मैदानात जमतात, तसाच पोशाख करतात आणि कधीच्या संपलेल्या लढाया पुन्हा लढतात. कुणी नाटकासाठी घेतं, कुणी नुसते फोटो काढायला. त्यांच्या गुडघ्यांवर बांधायचं नकली चिलखत आमच्याकडे बनतं. फक्त गुडघ्याचं. छाती दुसरीकडे बनते, टोप तिसरीकडे, आणि पुण्याचे एक साहेब सगळं गोळा करून परदेशी पाठवतात. अख्खा शिपाई आम्ही फोटोतच पाहिलाय. नकली म्हटलेलं मात्र ह्यांना आवडायचं नाही. "लढाई खोटी आसंल, पन गुडघा खराच फुटतो ना?" असं म्हणायचे.

"हे" म्हणजे माझे यजमान. नाव घेत नाही म्हणून कुणी मला जुनाट म्हणू नये, मला ती सवयच नाही. उखाण्यात एकदा घेतलं, तेही मागून नणंदेने ढोसलं म्हणून. ह्यांचं घर काष्टीचं. सासरे तिथल्या बाजारात पत्र्याच्या बादल्या आणि धान्याच्या कोठ्या करून विकायचे, त्यामुळे पत्रा ह्यांच्या हातात लहानपणापासून. तरुणपणी कबड्डी खेळायचे. चढाईला गेले की तीन-तीन जण पायाला लोंबकळले तरी रेषेपर्यंत यायचे, असं त्यांचे मित्र सांगायचे आणि हे गालातल्या गालात हसत ऐकायचे. लग्नात मी पहिल्यांदा ह्यांच्याकडे नीट पाहिलं ते खाली मान घालूनच, म्हणजे पहिल्यांदा दिसले ते पायच. पोटऱ्या अशा, की धोतराखालूनही कळायच्या.

नगरला आल्यावर ह्यांनी काही वर्षं एमआयडीसीत पत्रा दाबायच्या प्रेसवर नोकरी केली, मग स्वतःची शेड टाकली. कूलरचे डबे करायचो. एक दिवस पुण्याचे साहेब वर्तमानपत्रात गुंडाळलेला नमुना घेऊन आले. त्याचं इंग्रजी नाव त्यांनी दोन-तीनदा सांगितलं. ह्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही तर वाटी हाय." तेव्हापासून वाटी. साहेबही आता फोनवर वाटीच म्हणतात. वाटीच्या वर-खाली पत्र्याच्या पट्ट्या असतात, एकीवर एक सरकणाऱ्या, म्हणजे गुडघा वाकवता येतो. त्यांना आम्ही पाकळ्या म्हणतो.

पहिली जोडी तयार झाली ती ह्यांनी स्वतःच्या पायांवर बांधली, शेडभर चालून दाखवलं, आणि मी डबा उघडला तसे जेवायला बसायला गेले. अर्ध्यातच अडकले. धड उभे नाहीत, धड बसलेले नाहीत. मी आणि शेडवरचे मिस्त्री पोट धरून हसत होतो आणि हे तिथूनच ओरडत होते, "ह्या लोकांना जेवायला बसायचं म्हायती न्हाई का?" साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, अहो, ते खुर्चीवर बसतात. ह्यांना ते पटलं नाही. लढून दमलेला माणूस जमिनीवर बसणारच, असं त्यांचं म्हणणं. नमुन्यात दोन पाकळ्या होत्या, ह्यांनी चार केल्या, त्यांच्या कडा घासून गोल केल्या आणि चार दिवसांनी वाट्या बांधून मांडी घालून माझ्यासमोर भाकरी खाल्ली. मग तो नियमच झाला. कुठलंही नवं डिझाईन आलं की हे ते घालून जेवायला बसायचे, आणि जेवण होईपर्यंत पत्रा कुठे टोचला नाही तर माल पास. तिकडच्या कुणीतरी साहेबांना लिहून कळवलं होतं म्हणे, की तुमच्याकडचे गुडघे घालून गवतावर बसता येतं, असे दुसरे मिळत नाहीत. ते वाक्य ह्यांनी महिनाभर सगळ्यांना ऐकवलं.

चामड्याचं काम माझं. वाटी पायाला धरून ठेवायला दोन चामड्याचे पट्टे लागतात, एक मांडीवर आणि एक गुडघ्याखाली, पोटरी सुरू होते तिथे. माझ्या भावाने यावरून तोंड वाकडं केलं होतं. आपल्यात बायका चामड्याला हात लावत नाहीत, म्हणाला. मी विचारलं, "तुझ्या चपला काय आपोआप पायात चढतात?" तो शेडवर मात्र कधी आला नाही.

साहेबांनी पट्ट्यांच्या मापांचा छापील तक्ता दिला होता. तो ह्यांनी पहिल्याच दिवशी खिळ्याला अडकवला आणि पुन्हा पाहिला नाही. त्यांचं म्हणणं, कातडं दर खेपेला निराळं येतं, कधी जाड, कधी मऊ, कागदाला ते काय कळणार? पट्टा पायावर धरायचा आणि पायावरच खूण करायची. पाय कुणाचा? ह्यांचाच. "माझा पाय एक्स्पोर्ट कॉलिटी हाय," असं म्हणायचे, आणि खरंच, कबड्डीच्या त्या पोटऱ्या तिकडच्या मापाला बरोबर बसायच्या. प्रत्येक लॉटच्या आधी हे लोखंडी स्टुलावर बसायचे, पँट गुडघ्याच्या वर सरकवायचे, मी समोर पाटावर बसायची आणि पट्टा ओढून बक्कल येईल तिथे खडूची रेघ मारायची. ते मधलं भोक. त्याच्या अलीकडे दोन, पलीकडे दोन. मग त्या एका पट्ट्यावरून सगळ्या लॉटचे पट्टे कापायचे.

आता हे लिहिताना मला लाज वाटत नाही, म्हणून लिहिते. आमचं घर बोलघेवडं, पण चारचौघांत नवऱ्याच्या खांद्याला हात लागला तरी दचकणारं. शेडमध्ये मात्र मी भरदिवसा, मिस्त्रींच्या देखत, ह्यांचा पाय दोन्ही हातांत धरून बसायची आणि कुणाला काही वाटायचं नाही, कारण ते काम होतं. मी उगाचच दोनदा माप घ्यायची. पट्टा आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची. हे म्हणायचे, "आगं, बैलाला येसन घालतीस का काय?" मी म्हणायची, "हलू नका, चुकेल." चुकायचं काहीच नव्हतं. ह्यांच्या पोटरीचं माप माझ्या हाताला इतकं पाठ होतं, की पट्टा नसता तरी मी सांगितलं असतं. लॉट कधी संपतोय आणि पुढचा कधी येतोय, याची मी वाट बघायची. वाट्यांच्या धंद्यातली माझी खरी कमाई ती.

गेल्या वर्षीच्या श्रावणात त्या वर्षातला चौथा लॉट आला. मी नेहमीसारखं माप घेतलं, खूण केली आणि पट्टा कापताना तिसऱ्या लॉटच्या पट्ट्याशेजारी ठेवला. नवी खूण बोटभर अलीकडे होती. मी पुन्हा पट्टा पायावर लावला. तेच. मी मिस्त्रींना म्हणाले, कातडं फार ताणलं जातंय, या खेपेला मऊ दिलंय त्या व्यापाऱ्याने. मिस्त्रींनी पुढचा पत्रा ठोकायला घेतला. ते मुळात कमीच बोलतात. मिस्त्री माझ्याच माहेरचे, देवळाली प्रवराचे. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि माझ्या शब्दाखातर आमच्याकडे आले. त्यामुळे ह्यांना दादा म्हणत असले, तरी मला ते वहिनी न म्हणता ताई म्हणतात.

पाचवा लॉट दसऱ्याच्या तोंडावर निघाला. त्याची खूण दोन बोटं अलीकडे आली. मी पुन्हा कातड्यालाच शिव्या घातल्या. पण घरी येताना स्कूटरवर मागे बसले तेव्हा ह्यांच्या कमरेला धरलेला माझा हात नेहमीपेक्षा जास्त पुढे गेला. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, "अहो, तुम्ही बारीक झालात." हे म्हणाले, "वय झालं. आता काय चढाईला जायचंय?" मी डॉक्टरकडे जायचा धोशा लावला. शेवटी एका सकाळी हे एकटेच गेले, मला येऊ दिलं नाही, लॉट अडलाय म्हणाले. दुपारी शेडवर आले ते हातात गोळ्यांची पुडी घेऊन. "पित्त हाय. तिखट बंद सांगितलंय." मी त्याच दिवसापासून ठेचा बंद केला. किती सोप्पं वाटलं होतं मला.

दिवाळी झाली आणि सहावा लॉट आला. मी पाटावर बसले. या वेळी ह्यांनी पँट वर सरकवली नाही. थंडी पडलीय, वरूनच बांध, म्हणाले. जाड कापडाची पँट होती. मी पट्टा लावला, बक्कल ओढलं, खूण केली आणि तिसऱ्या लॉटचा पट्टा शेजारी धरला. दोन्ही खुणा बरोबर एकावर एक! मी पट्टे मिस्त्रींना दाखवले, ह्यांना दाखवले. माझा जीव भांड्यात पडला. पँटच्या कापडाची जाडी असून असून किती असणार, असा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि मला हवं ते उत्तर काढलं. त्या दिवशी मी घरी जाऊन हुलग्याचे शेंगोळे केले, ह्यांना आवडतात म्हणून. ह्यांनी दोन-तीन घास खाल्ले आणि फार छान झालेत म्हणाले. वाट्या बांधून जेवायला बसायचं मात्र त्या खेपेला टाळलं. डिझाईन जुनंच आहे, पुन्हा काय तपासायचं, असं म्हणाले आणि मला ते पटलं.

मार्गशीर्षात हे शेडमध्येच चक्कर येऊन पडले. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि ते असं बोलू लागले, जसं काही मला सगळं आधीच माहीत आहे. पोटातलं दुखणं फार पुढे गेलं होतं. "मी ह्यांना दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. परक्या माणसासमोर, माझ्या नवऱ्याने मला सांगितलं नाही असं म्हणायची माझी छाती झाली नाही. संक्रांत झाली आणि दहा-बारा दिवसांत हे गेले.

माणूस गेल्यावर मागे राहिलेला प्रत्येक जण काहीतरी धरून बसतो. मी तो कार्तिक महिना धरून बसले होते. दिवाळीनंतरचा. श्रावणात पाय उतरला, दसऱ्याला आणखी उतरला, पण कार्तिकात ह्यांनी पुन्हा अंग धरलं होतं, माझ्या हातांनी ते मोजलं होतं, पट्ट्यावर त्याची खूण होती. म्हणजे एक महिना तरी हे बरे होते. त्या महिन्यात आम्ही हसलो, भांडलो, एकदा काष्टीला जाऊन आलो, ते सगळं खरं सुख होतं, आजाराच्या सावलीतलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगायची. दुपारी शेडमध्ये एकटी बसले, की मी सहाव्या लॉटचा तो नमुन्याचा पट्टा काढून हातात घ्यायची. मिस्त्री बघायचे आणि बाहेर निघून जायचे.

होळीच्या सुमारास पुण्याहून टेम्पो आला आणि दोन मोठी खोकी उतरवून गेला. मागोमाग साहेबांचा फोन. साहेब भला माणूस, ह्यांच्या दहाव्यालाही आले होते. फार संकोचत बोलत होते. तिकडे उन्हाळ्यात त्या लढायांच्या जत्रा भरतात, म्हणून गोडाऊनमधला माल त्यांनी आत्ता पॅकिंगला काढला, तर चौथ्या आणि पाचव्या लॉटचे पट्टे आखूड निघाले. शेवटच्या भोकातसुद्धा माणसाच्या पायाला पुरत नाहीत. "ताई, सहावा लॉट एकदम परफेक्ट आहे, तो पसंत पडला. हे दोन तेवढे पट्टे बदलून द्या. सावकाश द्या."

मी खोकी उघडली. प्रत्येक वाटीच्या आतल्या अंगाला मिस्त्री पंचने लॉटचा आकडा ठोकतात. चार, पाच, चार, पाच. मी एक-एक काढून जमिनीवर मांडली आणि माझा पारा चढत गेला. मऊ कातडं माझ्या गळ्यात मारून त्या व्यापाऱ्याने ह्यांच्या नावाला बट्टा लावला होता. इतक्या वर्षांत ह्यांचा माल कधी परत आला नव्हता, आणि आला तो हे गेल्यावर! मी तिथल्या तिथे व्यापाऱ्याला फोन लावला आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो बिचारा ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, "ताई, आषाढात तुम्ही एकदाच माल नेलाय. चार, पाच आणि सहा, तिन्ही लॉट त्याच कातड्याचे असणार. एक लॉट पसंत आणि दोन नापसंत, असं कसं होईल?"

मी म्हणाले, शक्यच नाही. आणि मिस्त्रींकडे वळले. "मिस्त्री, सांगा यांना. सहाव्याला वेगळं कातडं होतं ना?"

मिस्त्रींनी हातातली हातोडी खाली ठेवली. "फोन ठिवा, ताई."

मी फोन ठेवला.

"कातडं एकच हुतं," मिस्त्री म्हणाले. "त्या मानसाला बोल लावू नका. त्यो खरं बोलतोय."

"मग सहाव्याचं माप बरोबर कसं आलं?"

मिस्त्रींनी जमिनीवरची एक वाटी उचलून आतला आकडा पाहिला. मग म्हणाले, "दादांनी शप्पत घातली हुती मला. पन आता तुमी दुसऱ्याच्या माथी खापर फोडाया लागल्या, म्हून सांगतो. त्या दिशी तुमी डबा घिऊन यायच्या आदी दादांनी पायाला टावेल गुंडाळला. पोटरीला येक, मांडीला येक. वरून ती जाड पँट घातली. मीच गुंडाळून दिला, त्यांना वाकता येत नव्हतं. जुना पट्टा लावून बगितला, मापात बसंस्तोवर दोनदा सोडून पुन्ना गुंडाळला. म्हनले, 'मिस्त्री, तिच्या हाताला कळतंय. तोंडानं मी कायबी सांगीन, पन तिचा हात फसत न्हाई.'"

मी खाली बसले, वाट्यांच्या मधोमध. मिस्त्रींनी पाण्याचा तांब्या आणून जवळ ठेवला आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

एका वाक्यात माझा कार्तिक गेला. ह्यांचं अंग धरणं, माझे शेंगोळे, त्या एकावर एक बसलेल्या खुणा, सगळं. जो लॉट परदेशातल्या लोकांना पसंत पडला तो टॉवेलावर मापलेला होता. जे परत आले, आखूड म्हणून, चूक म्हणून, तेवढेच ह्यांच्या पायाचे होते. आणि मी त्यांना महिनोन्‌महिने कातड्याचा दोष म्हणत होते.

पण खरं सांगायचं तर मिस्त्रींचं ते शेवटचं वाक्य मला जास्त लागलं. तिचा हात फसत नाही. फसला होता की! का फसला नव्हता? श्रावणात, अगदी पहिल्या खेपेला, पट्टा ओढण्याआधीच माझ्या तळहाताला कळलं होतं. पोटरी हातात आली तेव्हा ती नेहमीची नव्हती. बोटं पलीकडच्या बोटांना लागायला आली होती, आधी कधीच लागली नव्हती. मी हात काढून घेतला, पदराला पुसला आणि म्हणाले, कातडं मऊ आहे. मी जर तेव्हाच त्यांचा पाय धरून म्हटलं असतं, अहो, हे काय होतंय, तर? डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता. डॉक्टरांना मी आखूड पट्ट्यांबद्दल विचारलं नव्हतं, दिवसांबद्दल विचारलं होतं. दिवस तेवढेच मिळाले असते म्हणे. असतील.

पट्टे तर बदलायचेच होते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी रिव्हेट कापून जुने पट्टे सोडवायला घेतले आणि मी खिळ्यावरचा तो छापील तक्ता काढला, धूळ झटकली आणि फळीवर टेप लावून नवे पट्टे कापले. काम फार लवकर झालं. समोर कुणी हलत नाही, कुणी बैलाची वेसण म्हणत नाही, रेघ मारायची आणि कापायचं. साहेब म्हणाले, एकदम बरोबर बसतात. त्याच तक्त्यावर आता काम चालू आहे आणि माल परत येत नाही.

सुटलेले जुने पट्टे एका कोपऱ्यात पडले होते. मिस्त्रींनी विचारलं, "ह्येचं काय करू, ताई?" मी म्हणाले, राहू द्या. ते जेवायला गेले तेव्हा मी त्यातला पाचव्या लॉटचा, पोटरीचा एक उचलला. दारात ऊन होतं, रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते. मी पाटावर बसले, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि तो पट्टा माझ्या पोटरीला लावला. मधल्या भोकात बक्कल अलगद गेलं. ओढावं लागलं नाही, सैलही झालं नाही. तीन माणसं लोंबकळली तरी रेषेपर्यंत येणारा माझ्या नवऱ्याचा पाय दसऱ्याला माझ्याएवढा झाला होता. त्यानंतर कार्तिकात आणखी किती राहिला, ते कुणीच मोजलेलं नाही. मोजायला मी समोर होते, माझे दोन्ही हात होते, आणि मी टॉवेलाला पट्टा बांधत होते.

आमच्या नात्यातल्या बायका म्हणतात, किती जपलं बघ त्यांनी तुला, शेवटपर्यंत काळजी लागू दिली नाही. मी हो म्हणते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून हो म्हणते. पण मला इतका राग येतो ह्यांचा, की समोर असते तर कडाकडा भांडले असते. काळजी मला चालली असती. रात्रंदिवस चालली असती. धडधाकट पाय मी इतकी वर्षं हातात घेतला होता. मला तो पाय हवा होता, जेवढा उरला होता तेवढा.